डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन घ्यावा, की जेवणाचे पैसे जागेवर द्यावेत?

ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरवताना हॉटेल आणि पार्कची तिकिटं पक्की झाली की पुढचा प्रश्न समोर येतो: डायनिंग प्लॅन हवा का? पैसे आत्ताच भरा, तिथे गेल्यावर जेवणाच्या बिलाकडे बघायला नको, असं त्याचं आकर्षण. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलं ३ ते ९ वयातली असतील आणि मिकी-गूफी टेबलाशी येऊन भेटतात ती बुफे जेवणं तुम्ही तशीही करणारच असाल, तर प्लॅन जरूर घ्या. घर शाकाहारी असेल, खाणं बेताचं असेल किंवा मुलं दहाच्या पुढची असतील, तर जागेवर पैसे देणं जवळपास नक्की स्वस्त पडतं. या दोन टोकांच्या मधे असणाऱ्यांनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं.

ही योजना २००५ साली सुरू झाली, २०२० मध्ये महामारीत बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आली. ती फक्त डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांना मिळते. प्रकार दोन. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी, दर रात्रीमागे, काउंटरवरून घ्यायची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्या, म्हणजे नुसत्या ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’मध्ये एक काउंटरचं जेवण, एक टेबलावर बसून वाढलं जाणारं जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींबरोबर मुक्कामभर भरून घेता येणारा एक मग मिळतो. २०२४ मध्ये योजना परतली तेव्हा मोठ्या माणसाला पहिला प्लॅन ५७.०१ डॉलरला आणि दुसरा ९४.२८ डॉलरला होता. ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३ आणि २९.६९. दर वर्षागणिक वाढतात, त्यामुळे बुकिंग करताना ताजा आकडा घ्या. खालची आकडेमोड २०२४ च्या दरांवर आहे आणि तिची रीत कुठल्याही वर्षाला लागू पडते.

हिशेब ‘रात्री’वर आहे हे नीट लक्षात घ्या. पाच रात्री राहिलात तर पाच रात्रींची क्रेडिट्स, म्हणजे एकेका जेवणाची किंवा स्नॅकची जणू कुपनं, मिळतात, पण दिवस सहा असतात. ती कशीही वापरता येतात, एका दिवशी तीन आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असंही चालतं. पण हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी क्रेडिट्स बाद होतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. शेवटच्या दिवशी दुकानांत लोक स्नॅकच्या क्रेडिटवर पाकीटबंद खाऊ गोळा करताना दिसतात, ते याचमुळे. पहिल्या दिवशी रात्री उशिरा पोहोचणार आणि शेवटच्या दिवशी पहाटेचं विमान असेल, तर पाच रात्रींचं खाणं चार दिवसांत संपवावं लागेल. अशा वेळी प्लॅनचा विचारही करू नका.

आता क्विक-सर्व्हिस प्लॅन. मला तो मोठ्यांसाठी कधीच फारसा पटलेला नाही, आणि कारण साध्या बेरजेत आहे. काउंटरवरचा मुख्य पदार्थ साधारण १२ ते १८ डॉलरच्या घरात असतो. प्लॅनच्या जेवणात त्याबरोबर एक पेय येतं. आता समजा तुम्ही १४ डॉलरचा भाताचा बोल घेतलात आणि पाणी प्यायलात. काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला तर फुकट मिळतो. अशी दोन जेवणं म्हणजे २८, वर ७ डॉलरचं आइस्क्रीम किंवा पॉपकॉर्न, म्हणजे ३५. पार्कांचा बहुतेक भाग ज्या ऑरेंज काउंटीत येतो तिथला विक्रीकर साडेसहा टक्के; तो धरला तरी ३७-३८ डॉलर. त्याच दिवसाचे प्लॅनचे ५७. म्हणजे माणशी रोज वीस डॉलरच्या आसपास जास्त.

हा प्लॅन भरून निघतो तो वेगळ्या माणसाचा. दोन्ही वेळा यादीतला सगळ्यात महाग मांसाहारी पदार्थ घेणारा आणि जिथे मिळते तिथे सोबत बिअर किंवा कॉकटेल घेणारा. २१ वर्षांवरच्यांना प्लॅनच्या पेयात दारूही चालते आणि किमतीत तिचा हिशेब धरलेला असतो. घरात कुणी पीत नसेल, तर दुसऱ्यांच्या ग्लासाचे पैसे तुमच्या प्लॅनमधून जातात, असं म्हणायला हरकत नाही.

शाकाहाऱ्यांची अडचण हीच, फक्त जास्त ठळक. क्रेडिटला महाग-स्वस्त कळत नाही. स्टेकला एक क्रेडिट, चण्याच्या पदार्थालाही एकच. शाकाहारी पदार्थ बहुतेक वेळा यादीत खालच्या किमतीला असतात, त्यामुळे रोख पैसे देणाऱ्या शाकाहारी माणसाचे पैसे वाचतात आणि प्लॅनवाल्याचे वाया जातात. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण ती जेवताना उपयोगी पडते: डिस्नेच्या मेनूवर काही पदार्थांपुढे झाडाच्या पानाचं छोटं चिन्ह असतं. तो पदार्थ नुसता शाकाहारी नसतो. त्यात दूध, अंडी, मधसुद्धा नसतो. अंडं न खाणाऱ्या घरांना डोळे झाकून मागवता येईल असा तोच पदार्थ. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या ‘साना’मध्ये भारतीय वळणाचे पदार्थ आणि नानसोबत चटण्यांची पाटी मिळते, आणि पार्कच्या खाण्याला कंटाळलेल्या आपल्या जिभेला ते फार बरं वाटतं. तिथे जाण्यासाठी प्लॅन लागत नाही, आरक्षण लागतं.

मगाबद्दल दोन शब्द. तो फुकट भरून मिळतो, पण हॉटेलांतल्या यंत्रांवर, पार्कात नाही. सकाळी आठला बाहेर पडून रात्री फटाके बघून परतणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग सकाळच्या कॉफीपुरता. दुपारी हॉटेलवर येऊन पोहणाऱ्यांना जास्त.

टेबलवाला प्लॅन

इथे चित्र बदलतं, आणि बदलतं ते मुलांमुळे. टेबलाच्या दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि एक पेय येतं; बुफे असेल तर पूर्ण बुफे एका क्रेडिटमध्ये. कॅरॅक्टर बुफेचं, म्हणजे मिकी-गूफी भेटायला येतात त्या जेवणाचं, लहान मुलाचं बिलच सहज ३० डॉलरच्या वर जातं. २९.६९ च्या प्लॅनमध्ये हे एक जेवण झालं की त्या दिवसाचे पैसे वसूल, आणि काउंटरचं जेवण व स्नॅक वर शिल्लक. मुलांच्या बाबतीत याहून चांगला व्यवहार डिस्नेमध्ये मला दिसत नाही. त्यात २०२६ साठी डिस्नेने ३ ते ९ वयाच्या मुलांना, मोठ्यांनी प्लॅन घेतल्यास, तो मोफत जाहीर केला आहे. तुमच्या तारखांना ही सवलत लागू आहे का, हे सगळ्यात आधी तपासा, कारण तिच्याने सगळा हिशेबच पालटतो.

मोठ्यांचं गणित मात्र काठावरचं. संध्याकाळचा कॅरॅक्टर बुफे ६० डॉलरच्या पुढे. ९४ मधून ते वजा केले तर उरलेल्या तीसेक डॉलरमध्ये एक काउंटरचं जेवण आणि एक स्नॅक, म्हणजे जवळपास बरोबरी. पण हे रोज बुफे खाल्ला तर! एखाद्या दिवशी साध्या टेबल-रेस्टॉरंटमध्ये २४ डॉलरचा पास्ता घेतलात तर गोड आणि सरबत धरूनही तुम्ही मागे पडता. आणि ‘सिग्नेचर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महागड्या रेस्टॉरंटांत एका जेवणाला टेबलाची दोन क्रेडिट्स जातात. तिथे प्लॅन वापरणं सहसा तोट्याचं. जायचंच असेल तर ते बिल रोख द्या.

टिप प्लॅनमध्ये नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना टेबलावर बसल्यावर कळते. अमेरिकेत टेबलाच्या जेवणावर १८ ते २० टक्के टिप देतात, आणि ती द्यायची असते जेवणाच्या खऱ्या किमतीवर. चौघांचा बुफे दोनशे डॉलरचा असेल तर प्लॅन असूनही ३६ ते ४० डॉलर वेगळे काढून ठेवा. सहा किंवा जास्त माणसं असली तर १८ टक्के आपोआप लावले जातात. ‘सगळं आधीच भरलंय’ या समजुतीने गेलेल्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात पाच दिवसांत दोनेकशे डॉलरचा खड्डा पडू शकतो.

दहावा वाढदिवस

दहा वर्षांच्या या नियमाइतका फरक दुसऱ्या कुठल्याच नियमाने पडत नाही. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल डिस्नेच्या लेखी मोठं माणूस. दोन मोठे आणि आठ व नऊ वर्षांची मुलं अशा कुटुंबाला टेबलवाला प्लॅन रात्रीला २४७.९४ डॉलर पडायचा. तेच मोठं मूल दहा वर्षांचं झालं की ३१२.५३. पाच रात्रींचा फरक ३२२.९५ डॉलर, आणि ते मूल खाणार तेच चिकन नगेट्स किंवा मॅकरोनी. त्याला मुलांच्या यादीतलं खायला कुणी अडवत नाही, पण पैसे मोठ्यांचे गेलेले असतात. उलट, ३ ते ९ च्या मुलांना जिथे मुलांची यादी आहे तिथे त्यातूनच मागवावं लागतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला प्लॅनही नाही आणि क्रेडिटही नाही. ते आई-बाबांच्या ताटातलं खातं.

आणि खोलीतल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाने, सगळ्या रात्रींसाठी, एकच प्लॅन घ्यायचा हा नियम. आईला नको, मुलांना हवा, असं एका बुकिंगवर चालत नाही.

जागेवर पैसे देणाऱ्यांच्या बाजूने

पैशाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे मोकळीक. उकाड्यात मुलाला भूक नाही, तर एक ताट घेऊन दोघांनी वाटून खाल्लं, झालं. काउंटरची ताटं मोठी असतात आणि दोघांत एक पुरल्याचं नेहमी दिसतं. प्लॅनमध्ये असं वाटून खाणं म्हणजे भरलेलं क्रेडिट पडून राहणं. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत. तिथे एका ठिकाणी बसून पोटभर जेवण्यापेक्षा इथे थोडं, तिथे थोडं खात फिरण्यातच मजा आहे, आणि ती रोख पैशात जास्त चांगली घेता येते.

बाहेरचं खाणं डिस्नेच्या पार्कात नेता येतं, हेही अनेकांना माहीत नसतं. काचेच्या बाटल्या आणि दारू मात्र चालत नाही. हॉटेलच्या खोल्यांत छोटा फ्रिज असतो. सकाळचा नाश्ता खोलीत दूध-सिरियल, फळं आणि पिशवीत पराठे, चिवडा असं निघालात तर दिवसाला एक जेवण पुरतं, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचे हालही होत नाहीत. मला स्वतःला ही सोय सगळ्यात मोठी वाटते. प्लॅन घेतला की पिशवीतलं खाताना सतत वाटत राहतं की भरलेले पैसे फुकट चाललेत, आणि मग भूक नसताना खाल्लं जातं.

वेळेचंही बघा. टेबलाची जेवणं आरक्षणाशिवाय मिळणं अवघड. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना आगमनाच्या ६० दिवस आधी मुक्कामातल्या दहा दिवसांपर्यंतची आरक्षणं एकदम करता येतात. प्लॅन विकत घेतला म्हणून जागा राखून मिळत नाही. लोकप्रिय कॅरॅक्टर जेवणं भरली, तर क्रेडिट असूनही कुठल्यातरी कमी किमतीच्या जागी ती उडवावी लागतात. शिवाय बसून जेवायला तास-दीड तास सहज जातो. पाच दिवस रोज तेवढा वेळ राइड्समधून काढायची तयारी आहे का, हे घरात विचारा. लहान मुलांच्या आयांना तो थंड हवेतला दीड तास हवाच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना तो शिक्षेसारखा वाटतो.

प्लॅनच्या बाजूने एक मुद्दा मी मनापासून मान्य करते: निश्चिंती. वर्षभर साठवून केलेल्या सहलीत प्रत्येक आइस्क्रीमला ‘केवढ्याचं?’ असं विचारावं लागू नये, ही इच्छा अगदी रास्त आहे. मुलाने यादीतलं हवं ते दाखवावं आणि आपण हो म्हणावं, याला किंमत आहे. पण ती दुसऱ्या वाटेनेही मिळते. जेवढे पैसे प्लॅनमध्ये घालणार होतात तेवढ्याचं किंवा थोड्या कमीचं डिस्ने गिफ्ट कार्ड घ्या आणि खाण्यापिण्याचं सगळं त्यावरून द्या. पैसे आधीच बाजूला पडले, रोजची घासाघीस संपली, आणि उरलेली रक्कम मध्यरात्री बाद होत नाही. कार्डाला मुदत नसते.

एकत्र कुटुंब जाणार असेल, तर आणखी एक वाट आहे. प्लॅनची सक्ती बुकिंगपुरती असते आणि वेगळ्या खोल्यांची बुकिंग वेगळी करता येतात. आजी-आजोबा आणि त्यांच्याबरोबर झोपणारा बारा वर्षांचा नातू एका खोलीत, प्लॅनशिवाय. आई-बाबा आणि सहा वर्षांची धाकटी दुसऱ्या खोलीत, टेबलवाल्या प्लॅनसह. धाकटीची मिकीबरोबरची जेवणं प्लॅनमध्ये झाली, आजीचं वरण-भाताच्या जवळ जाणारं जे काही मिळेल ते गिफ्ट कार्डावर, आणि बारा वर्षांच्या मुलाचे रोजचे ९४ डॉलर वाचले. फक्त टेबलाची आरक्षणं करताना माणसं सगळी मोजा, म्हणजे जेवायला एकाच टेबलावर बसता येईल.