बोटीच्या ट्रेलरवर मालवाहतूक: आठ महिन्यांनंतर

बोट विकली, ट्रेलर मागे राहिला. त्यावर प्लायवुड बसवून आठ महिने विटा, ओंडके, पाइप, जुनं फर्निचर असं सगळं ओढलं. लांब मालासाठी असा ट्रेलर दुसरा नाही, हे मी आता खात्रीने सांगतो. पण वरची फळी बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी मेहनत ॲक्सलची, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याची.

बोटीचं इंजिन बहुधा मागे असतं, म्हणून ट्रेलरचा ॲक्सलही बराच मागे असतो. सपाट फळीवर विटा सारख्या पसरल्या की वजन ॲक्सलच्या पुढे येतं आणि जास्तीचा दाब कपलरवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या टोकावर जातो. पहिल्याच फेरीत गाडीची मागची बाजू बसली, स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. घरी आल्यावर चाकांना ठोकळे लावले आणि कपलर हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) उंचीवर येईल असा टेकू देऊन त्याखाली माणसांचा वजनकाटा ठेवला. ट्रेलरसकट एकूण वजन ६०० किलो, काटा दाखवतोय १०५! साधारण दहा टक्के, म्हणजे ६० च्या आसपास हवं. फार कमी झालं तरी वाईट, वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. ॲक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल करून ॲक्सल ३० सेंटिमीटर पुढे घेतला, तोच माल पुन्हा भरला, काटा ६५ वर आला. घट्ट करण्याआधी कपलरपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर टेपने मोजून सारखं केलं. हे चुकलं तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर झिजतात.

दुसरी गोष्ट, बोटीचा तळ स्वतःच ताठ असतो आणि वजन लांब पट्ट्यांवर पसरवतो. विटांचा ढीग तसं करत नाही. म्हणून १८ मिलिमीटर प्लायवुडखाली तीन आडवे लोखंडी चॅनेल टाकले, तेही बोल्टने. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो, तो छातीत जाऊ देऊ नये, आणि मुलामा जळतो तिथूनच गंज धरतो. पुढची विंच (बोट ओढून घ्यायची दोराची चरखी) मात्र काढू नका. जड ओंडका एकट्याने वर ओढता येतो.

चाकाचा हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात) उघडला तेव्हा ग्रीस दुधाळ झालेलं होतं, बेअरिंगच्या रोलरवर तपकिरी खड्डे. बोट पाण्यात उतरवताना हब बुडतो, त्याचा हा परिणाम. दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि ऑइल सील बदलले. आता प्रत्येक लांब फेरीत थांबलो की हबजवळ हात नेऊन बघतो, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापलीय का.

फळी चाकांच्या वर असल्याने माल उंच बसतो, त्यामुळे वळणं सावकाश घ्यावी लागतात. रिकामा असताना स्प्रिंगचे पाटे कडक लागतात, ट्रेलर उड्या मारतो. क्षमताही वाढत नाही, उलट घटते: आठ बाय चारची एक शीटच साधारण ३५ किलोची, चॅनेल वेगळे.

पावसाने प्लायवुडच्या कडा फुगल्यात. नवी शीट कापली की आधी कडांना इपॉक्सी, मगच बोल्ट.