माल्टा हाफ डे शोर एक्सकर्शन: गाईडबाई एक नंबर, वेळापत्रक बोगस

मेडिटेरेनियन क्रूझ बुक केलेल्या बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो की जहाजावरून मिळणाऱ्या शोर एक्सकर्शन (बंदरात उतरून करायच्या सहली) घ्यायच्या का स्वतःचं स्वतः फिरायचं. सगळ्या बंदरांबद्दल नाही लिहीत, फक्त माल्टाबद्दल लिहिते, कारण तिथे आम्ही दोन्ही केलं. अर्धा दिवस त्यांच्या बसमधून आणि उरलेला वेळ आपल्या पायांनी. आम्ही चौघं होतो, मी, नवरा आणि सासू सासरे. सासूबाईंचा गुडघा दुखतो आणि सासऱ्यांना किल्ल्यांचं वेड, रिटायर झाल्यावर तर महिन्याला एक गड ठरलेला, त्यामुळे दोघांचं एकाच टूरमधे जमवणं हे मुख्य काम होतं. रोम आणि सिसिलीची पोर्टं आमच्या आवडीची वगैरे पण माल्टा मात्र सासऱ्यांसाठी.

आधी टूर काय होती ते सांगते. नाव 'व्हॅलेटा आणि म्दिना' टाईप (म्हणजे माल्टाची आताची आणि जुनी राजधानी), साडेचार तास, माणशी सत्तर ऐंशी युरोच्या घरात. सकाळी जहाजाच्या थिएटरमधे जमायचं, तिथे छातीवर नंबरचं स्टिकर लावतात, मग तो नंबर पुकारला की मेंढरांसारखं रांगेत खाली. हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला. जे लोक स्वतःचे उतरले ते तोपर्यंत वर गावात पोचून कॉफी पीत असणार. बस एसी, स्वच्छ, सीट बऱ्या, ड्रायव्हर सभ्य. माल्टात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात हे बघून सासरे उगाचच खूश झाले, पावणेदोनशे वर्षं नाही म्हणलं तरी दीडशेच्या वर वर्षं इंग्रज होते तिथे (१८०० पासून १९६४ पर्यंत) त्यामुळे लाल टेलिफोन बूथ आणि तीन पिनांचे प्लग पण दिसतात.

आता गाईड. पैसे वसूल झाले असतील तर ते फक्त या बाईंमुळे. पन्नाशीच्या असतील, माल्टीजच, कानात घालायला सगळ्यांना ते छोटं रिसीव्हर दिलेलं त्यामुळे मागे राहिलं तरी आवाज येत होता आणि सासूबाईंना धावावं लागलं नाही. बाईंनी पाठ केलेलं भाषण ठोकलं नाही हे फार आवडलं. बसमधे सुरुवातच अशी की तुमच्याकडे चार तास आहेत आणि या बेटाकडे सात हजार वर्षं, तेव्हा मी बरंच गाळणार आहे, राग मानू नका. मग नाईट्सची गोष्ट. ऱ्होड्समधून तुर्कांनी हाकललेले हे सरदार म्हणा योद्धे साधू म्हणा, त्यांना १५३० मधे पाचव्या चार्ल्स बादशहाने माल्टा दिलं आणि भाडं काय तर वर्षाला एक ससाणा. सासरे म्हणे, "स्वस्तात दिलं की गं!" पण बेटावर पाणी कमी, माती कमी, झाडं तर नाहीच्यात जमा, त्यामुळे स्वस्त का होतं ते बसच्या खिडकीतून बघितलं की कळतं. सगळीकडे तोच मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, घरं त्याची, बांध त्याचे, तट त्याचे.

म्दिना म्हणजे जुनी राजधानी, नाईट्स समुद्रकाठी राहायला गेले आणि हे मागे पडलं. तटबंदीच्या आत आज तीनशे माणसंही राहत नाहीत आणि तिथल्या रहिवाशांच्या सोडून गाड्या जवळपास नाहीतच. मुख्य दरवाजा १७२४ चा, पुढे दगडी पूल, खाली खंदक. आत शिरलं की गल्ल्या मुद्दाम वाकड्या, बाई म्हणाल्या वारा आणि बाण दोन्ही सरळ येऊ नयेत म्हणून. जमीन बऱ्यापैकी सपाट आहे, पायऱ्या फार नाहीत, गुडघेवाल्यांना चालेल, फक्त फरसबंदी जुनी आहे तेव्हा बूट घाला चप्पल नको. कॅथेड्रलला दोन घड्याळं आहेत, एक वेळ दाखवतं आणि दुसरं तारीख. १६९३ च्या भूकंपात आधीचं चर्च पडलं म्हणून हे नंतर बांधलेलं.

पण खरी मजा आली ती तटावर. तिथून अर्धं बेट दिसतं, समुद्रापर्यंत. बाईंनी आम्हाला तिथे उभं करून १५६५ च्या वेढ्याची गोष्ट सांगितली. तुर्कांचा सुलतान सुलेमान, त्याचं सैन्य नाईट्सवर चालून आलं, सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर लढून जूनमधे पडला, बाकीचे किल्ले खाडीपलीकडे झुंजतायत, आणि या म्दिनात जेमतेम शिबंदी. तर ऑगस्टमधे तुर्कांचा मोठा हल्ला चालू असताना इथले मोजके घोडेस्वार बाहेर पडले आणि तुर्कांच्या मागच्या तळावर तुटून पडले, तिथे आजारी जखमी माणसं आणि सामान होतं. तुर्कांना वाटलं सिसिलीहून कुमक आली, जिंकत आलेला हल्ला सोडून सगळे मागे पळाले. आणि नंतर जेव्हा तुर्क म्दिनावर चालून आले तेव्हा गावकऱ्यांना, बायकांना सुद्धा शिपायांचे कपडे घालून तटावर उभं केलं, म्हणजे लांबून वाटावं केवढी फौज आहे आत. तुर्क बघून परत गेले. सासरे इतका वेळ गप्प होते ते एकदम, "अगं हा तर सरळसरळ गनिमी कावा, विचार त्यांना पागा कुठे होती!" मी विचारलं, बाईंनी खरंच थांबून उत्तर दिलं आणि मग पुढची दहा मिनिटं ते दोघं आणि मधे दुभाषी म्हणून मी. बाकीचे ग्रुपवाले फोटो काढत होते त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. असा गाईड यूट्यूब बघून मिळत नाही.

तिथूनच मोस्ता गावातल्या चर्चचा घुमट दाखवला. ९ एप्रिल १९४२ ला जर्मन बॉम्ब घुमट फोडून थेट आत पडला, आत प्रार्थनेला शेकडो माणसं, आणि तो फुटलाच नाही. टूरमधे तिथे जाणं नव्हतं, लांबूनच रामराम.

म्दिनात एकूण वेळ मिळाला एक तास दहा मिनिटं, त्यात शेवटची वीस मिनिटं मोकळी. आम्ही तेवढ्यात दरवाज्याबाहेर रबातमधे जाऊन पास्तित्झी खाल्ले. खारीच्या जातीतलं कुरकुरीत प्रकरण, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, एक युरोच्या आतबाहेर. सारण शाकाहारी असतं पण पिठात काही ठिकाणी चरबी घालतात, कडक पाळणारे असाल तर आधी विचारा. सासूबाईंनी विचारून घेतलं आणि मग दोन खाल्ले. सोबत किनी नावाचं त्यांचं कडू संत्र्याचं कोल्ड्रिंक, ते मात्र कुणालाच झेपलं नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता तक्रार.

म्दिनातून निघालो ते थेट ता काली नावाच्या ठिकाणी, "लोकल क्राफ्ट डेमॉन्स्ट्रेशन". माहितीपत्रकात ही ओळ शेवटी बारीक अक्षरात होती. डेमॉन्स्ट्रेशन म्हणजे एक माणूस भट्टीतून काच काढून फुगवतो, सात आठ मिनिटं, बघायला चांगलं आहे, नाही कशाला म्हणू. आणि मग पस्तीस मिनिटं दुकानात. काचेची फुलदाणी, चांदीच्या तारकामाचे आठ टोकांचे क्रॉस, लेस. वस्तू वाईट नाहीत पण मी साडेचार तासातली पाऊण तास दुकानात घालवायला ऐंशी युरो दिले नव्हते. बाहेर काही बघावं तर ऊन मी म्हणत होतं आणि बस लॉक. गंमत म्हणजे ही ता कालीची जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची धावपट्टी, माल्टावर बॉम्बचा पाऊस पडत होता तेव्हा सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या जागांपैकी एक, आणि अख्ख्या बेटाला १९४२ मधे जॉर्ज क्रॉस नावाचं इंग्रजांचं शौर्यपदक मिळालं ते याच काळातल्या चिवटपणासाठी, त्यांच्या झेंड्यावर पण ते आहे. हे बाईंनी मी विचारल्यावर हळूच सांगितलं. त्यांना ते दुकान आवडत नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण कार्यक्रम कंपनी ठरवते, त्यांच्या हातात काही नाही.

परिणाम काय, तर व्हॅलेटाला उरले पन्नास मिनिटं. पन्नास! युनेस्कोने १९८० मधे यादीत घेतलेलं अख्खं शहर, वेढा उठल्यावर पुढच्याच वर्षी, १५६६ मधे पायाभरणी केलेलं, आणि आम्ही त्यातून पळतोय. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल "बाहेरून" दाखवलं. बाहेरून ते कॅथेड्रल म्हणजे एखादी बँक वाटावी इतकं साधं आहे, जे काय आहे ते सगळं आत. आणि आतलं तिकीट टूरमधे नाही. हे असं करणाऱ्या लोकांना काय म्हणावं.

एक चांगलं होतं की शेवटी ज्यांना व्हॅलेटातच थांबायचंय त्यांना थांबू देतात, फक्त गाईडला सांगून एका कागदावर सही करायची. सासूबाई बसने जहाजावर गेल्या, सोबत नवरा गेला, आणि मी आणि सासरे राहिलो. तर आता स्वतः फिरण्याबद्दल.

कॅथेड्रलच्या आत पाय ठेवला आणि सासरे म्हणाले, "अरे देवा, पाय कुठे ठेवू?" कारण पूर्ण जमीनच थडग्यांची. चारशेच्या आसपास नाईट्स पुरलेत आणि प्रत्येकावर रंगीत संगमरवराची शिळा, घराण्याची चिन्हं, तोफा, देवदूत, आणि बऱ्याच शिळांवर सांगाडे, कुणी हातात कोयता घेतलेला कुणी वाळूचं घड्याळ. त्यावरूनच चालायचं. म्हणून टोकदार हिल्स चालत नाहीत तिथे, खांदे पण झाकलेले लागतात, ओढणी जवळ ठेवा. तिकिटातच ऑडिओ गाईड येतो.

आणि बाजूच्या दालनात कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचं चित्र. सेंट जॉनचा शिरच्छेद, १६०८ चं, भिंतभर, पाच मीटरच्या वर रुंद. मी चित्रातली जाणकार वगैरे नाही पण समोर उभी राहिले आणि हलावंसं वाटेना. सगळी माणसं डाव्या अर्ध्यात कोंबलेली, उजवीकडे नुसती अंधारी भिंत आणि खिडकीतून बघणारे दोन कैदी. मान अजून पूर्ण तुटलेली नाही, मारेकरी पाठीमागे कमरेचा सुरा काढायला हात घालतोय. खाली रक्ताचं थारोळं आणि त्या रक्तातच चित्रकाराने नाव लिहिलंय, त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. माणूस रोममधे खून करून पळालेला, इथे येऊन नाईट झाला, काही महिन्यात मारामारी करून तुरुंगात, तिथूनही पळाला, आणि मग नाईट्सनी त्याला संघातून काढून टाकलं ती सभा याच दालनात, याच चित्रासमोर. हे सगळं पन्नास मिनिटांच्या धावपळीत बाहेरच्या पायऱ्यांवरून कसं कळणार सांगा.

नंतर अप्पर बराका बागेत गेलो. खाली सलामीच्या तोफा, दुपारी बारा आणि चार वाजता उडवतात, चारची गाठली आम्ही. समोर ग्रँड हार्बर, पलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला, आणि उजवीकडे खाली आपलं जहाज चक्क उभं दिसतं. सासऱ्यांचं एकेक बुरूज मोजणं चालू होतं. मी त्यांना सांगितलं की १८७८ मधे इंग्रजांनी मुंबई बंदरातून हिंदुस्थानी पलटणी जहाजात भरून इथे आणून ठेवल्या होत्या, रशियाला धाक दाखवायला. ते बराच वेळ किल्ल्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले चल, आईस्क्रीम खाऊ.

त्या बागेतूनच लिफ्ट आहे. २०१२ मधे सुरू झालेली, ५८ मीटर, अर्ध्या मिनिटात खाली, भाडं किरकोळ. लिफ्टमधून बाहेर आलं की धक्क्यापर्यंत दहा एक मिनिटं सरळ चालत. म्हणजे जहाजावरून व्हॅलेटाला जायला बस लागतच नाही! हे जहाजावर कुणी सांगत नाही, का सांगत नाही ते तुम्हीच ओळखा.

तर माझं मत असं की व्हॅलेटासाठी टूर अजिबात घेऊ नका, वयस्कर माणसं असली तरी नको, लिफ्ट आहे आणि वर गेल्यावर मुख्य रस्ता सपाट आहे (आडव्या गल्ल्या मात्र जिन्यासारख्या उतरतात, तिकडे ज्येष्ठांना नेऊ नका). म्दिनासाठी घेतली तर ठीक, पण "म्दिना आणि रबात" एवढीच असलेली घ्या, दोन्ही शहरं एकत्र असलेली "हायलाईट्स" वाली नको, आणि माहितीपत्रकात क्राफ्ट, डेमॉन्स्ट्रेशन, शॉपिंग यातला एक जरी शब्द दिसला तर पुढचं पान उलटा. तरुण असाल तर व्हॅलेटाच्या वेशीबाहेरून म्दिनाची साधी बस मिळते, दोन अडीच युरो, अर्धा पाऊण तास, पण उन्हाळ्यात गर्दी फार आणि परत येताना बस भरलेली असली तर थांबत नाही. जहाज सुटायच्या वेळेची धास्ती असते तेव्हा हे लक्षात घ्या, कारण त्यांच्या टूरची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः उशीर केलात तर टाटा करून जातं. हा एक मुद्दा मी मान्य करते, त्यासाठी लोक पैसे देतात आणि सासूबाईंसारख्यांना ती निश्चिंती हवी असते.

टिप गाईडला द्याच, आमच्या बाईंना सगळ्यांनी दिली. तक्रार मी जहाजाच्या डेस्कवर लेखी दिली, त्यांनी हसून घेतली, उत्तर अजून नाही. आणि हो, तुमचं जहाज माल्टाला रविवारी लागत असेल तर कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं, सार्वजनिक सुट्टीलाही, तेव्हा क्रूझ बुक करतानाच वार बघून घ्या.