कॉलेजातली गळती: टिंटो की बीन-मेट्झनर?

कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यांवर प्रबंध लिहायचा असो की गळती थांबवायचा आराखडा करायचा असो, पाया कोणाचा घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. व्हिन्सेंट टिंटो यांचा, की जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांचा? विद्यार्थी का सोडून जातो, हे सांगणाऱ्या या दोन्ही मांडण्या अमेरिकेतल्या आणि दोन्ही भरपूर वापरलेल्या. पण पाया चुकला तर प्रश्नावलीत प्रश्नच भलते येतात.

टिंटोंची मांडणी १९७५ची. त्याआधी १९७०मध्ये विल्यम स्पेडी यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाइम यांचा आत्महत्येविषयीचा विचार कॉलेजला लावून पाहिला होता: समाजाशी धागा तुटला की माणूस त्यातून निघून जातो. टिंटोंनी तो विचार पुढे नेला. विद्यार्थी कॉलेजात दोन ठिकाणी रुजावा लागतो, अभ्यासात आणि माणसांत. गुण हे त्यांच्या लेखी पहिल्या रुजण्याची खूण. गुण कमी पडले म्हणून काढलेले आणि आपणहून गेलेले यांना त्यांनी एकाच टोपलीत टाकलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. गळती म्हणजे मूल कच्चं, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला आणि कॉलेज काय करतं हा प्रश्न पुढे आला.

अडचण दुसरीकडे आहे. वसतिगृहात राहणारा, पूर्णवेळ शिकणारा तरुण या मांडणीत चपखल बसतो. बाकीच्यांचं काय? विल्यम टियर्नी यांनी १९९२मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या बाजूने आक्षेप घेतला: कॉलेजात मिसळायचं म्हणून आपल्या माणसांपासून तुटायचं, ही अटच अन्यायाची आहे.

बीन आणि मेट्झनर यांनी १९८५मध्ये नेमका उरलेला विद्यार्थी धरला. वय २४च्या वर, किंवा वसतिगृहाबाहेर राहणारा, किंवा अर्धवेळ शिकणारा. यातलं एक असलं तरी पुरे. त्याच्यासाठी पैसा, नोकरीचे तास, घरच्या जबाबदाऱ्या आणि बाहेरून मिळणारं पाठबळ जड ठरतं. त्यांचं एक विधान मी विसरू शकत नाही. बाहेरची परिस्थिती चांगली असेल तर अभ्यासातली कमतरता भरून निघते, पण बाहेर घडी विसकटली असेल तर चांगला अभ्यास त्याला तारत नाही. गुण उत्तम असूनही, समाधान नसेल किंवा ताण फार असेल तर तो जाऊ शकतो, असंही ते सांगतात.

हजेरीपत्रक उघडून पाहा. एखाद्या नावापुढे फक्त गुरुवारच्या पहिल्या तासाला गैरहजेरीची रांग दिसते. टिंटोंच्या चष्म्यातून ही दुरावत चाललेली मुलगी आहे. बीन-मेट्झनर आधी विचारायला लावतात, बुधवारी रात्रपाळी असते का? दोन्ही वाचनांतून निघणारे उपाय वेगळे. एकीत गटचर्चा आणि मार्गदर्शक, दुसरीत वेळापत्रक बदलणं आणि पैशांची सोय.

प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा २००७मध्ये सुरू झालेला 'असॅप' उपक्रम पाहावा. आर्थिक मदत वजा जाता शिकवणी शुल्कातली उरलेली रक्कम, पाठ्यपुस्तकं, प्रवासाचे पास, आणि सुरुवातीच्या काळात एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गट पाडून केलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे ४० टक्के, तर नेहमीच्या सोयींवर शिकणाऱ्या गटातले २२ टक्के होते. इथे पास आणि पुस्तकं बीन-मेट्झनरच्या बाजूची, सल्लागाराशी जमलेलं नातं टिंटोंच्या बाजूचं. उपक्रमात दोन्ही एकत्र आहेत, त्यामुळे यश कोणाच्या खात्यावर टाकावं हे या आकड्यांवरून ठरत नाही.

माझा कौल असा: बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात राहत असतील तर टिंटो, रोज ये-जा करणारे आणि कमावणारे असतील तर बीन-मेट्झनर. टिंटो घेतलात तर एकदाच प्रश्नावली भरून भागणार नाही. प्रवेशाच्या वेळी आणि वर्षअखेर, दोन्हीदा विचारावं लागेल. आणि निर्णय अजून होत नसेल तर प्रवेशअर्जात तीन रकाने वाढवा: राहणं कुठे, आठवड्याला कामाचे तास किती, घरात कोण अवलंबून आहे.