सागरेश्वर: पायी, सकाळी, झाडं बघायला

सागरेश्वरला जाऊन आलेल्यांची मतं दोनच प्रकारची ऐकू येतात. एक, "हरणं दिसली, मस्त." दुसरं, "काही नाही हो, नुसती झुडपं." दुसऱ्या मताचे लोक बहुधा रविवारी अकरानंतर गाडी घेऊन पोचलेले असतात, आणि दुपारी एक वाजता खैराच्या सावलीत कोणतं हरीण आपल्यासाठी उभं राहणार? हरणांच्या आकड्यावर या जागेचा हिशेब मांडला तर तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतील. झाडांवर मांडला तर सांगली जिल्ह्यात एवढ्या थोड्या चालण्यात एवढं दाखवणारं दुसरं रान सांगता येणार नाही.

आधी जागा समजून घेऊ. यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या हद्दी भिडतात तिथल्या डोंगरावर आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदीच लहान. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याआधी हा बोडका, चराईनं खरवडलेला डोंगर होता. तिथं झाडं उभी राहिली त्यात वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचा वाटा मोठा, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा. म्हणून याला "मानवनिर्मित अभयारण्य" म्हणतात. हा शब्द अर्धाच खरा आहे. माणसांनी चर खणले, रोपं लावली, कुंपण घातलं, काही हरणं आणून सोडली. पण बरीचशी झाडं कुणी लावलेली नाहीत. जमिनीत खुंट आणि मुळ्या शिल्लक होत्या. कुऱ्हाड आणि शेळी थांबल्यावर त्या फुटल्या. लावलेलं कोणतं आणि आपोआप फुटलेलं कोणतं हे ओळखत चालायचं, खरी मजा त्यातच आहे.

ओळखायचं कसं? फाटकातून आत गेल्यावर चढाच्या बाजूला उतारावर नजर टाका. उताराला आडव्या, एकाच पातळीत जाणाऱ्या उथळ घळी दिसतील. ते समतल चर. असे चर खणताना साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल घेतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचतात. पावसाचं पाणी तिथं अडतं, मुरतं, आणि रोप त्या बांधाच्या कडेला लावलेलं असतं. आता बरेच चर पाचोळ्यानं आणि मातीनं बुजलेले असतात, पण झाडांची रांग लपत नाही. सारख्या अंतरावर, सारख्या जाडीची, एका जातीची झाडं उभी दिसली की ती लागवड. आणि एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली, वाकडीतिकडी, शेजारी दुसऱ्याच जातीचं झाड असलेली गर्दी दिसली की तो जुन्या खुंटाचा फुटवा.

लावलेल्यांत गिरीपुष्प चटकन ओळखू येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर फारच. निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे तुरे येतात, आणि त्याखाली फोटो काढून "आपल्याकडची चेरी" असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. हे मध्य अमेरिकेकडचं झाड. फांदी खोचली तरी जगतं, पाला खताला उत्तम, म्हणून राज्यभर वनीकरणात त्याचा भरणा झाला. त्याच सुमाराला पळसही फुलतो. दोन्हींखाली पाच-पाच मिनिटं उभे राहा. पळसावर साळुंख्या, बुलबुल, शिंजीर यांची नुसती झुंबड. तेवढी वर्दळ गिरीपुष्पावर दिसत नाही. फलक वाचून कळणार नाही ते इथं दहा मिनिटांत कळतं.

काटेरी झाडांत लोक हटकून घोळ घालतात आणि सरसकट सगळ्याला "बाभळी" म्हणून मोकळे होतात. तीन वेगळी झाडं आहेत. बाभळीची साल काळपट, उभ्या भेगांची, काटे सरळ पांढरे, फुलं हळदीसारखी पिवळी, शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळत गेलेली. हिवराची साल फिकट, पांढुरकी, डोक्यावर छत्रीसारखा पसारा, आणि फुलं ऐन पावसाळ्यात, दुधट पिवळी. खैराचे काटे मात्र सरळ नसतात. पानाच्या देठाखाली दोन-दोनच्या जोडीनं, मांजराच्या नखासारखे मागं वळलेले. पुढं जाताना लागत नाहीत, मागं सरकलात की शर्ट धरतात. खैरात अडकलात तर ओढाताण न करता एक पाऊल पुढं टाका, काटा आपण होऊन सुटतो. पानातला कात याच झाडाच्या गाभ्यातून निघतो हे बरोबरच्या पोरांना सांगितलं की पुढचा अर्धा तास ती खैर शोधत बसतात.

धावडा खोडावरून ओळखा: गुळगुळीत, राखाडी-पांढरं, सालीचे पातळ पापुद्रे सुटून जागोजागी उथळ खळगे पडलेले. थंडी संपता संपता त्याची पानं तांबूस होतात. डिंकाच्या लाडवातला चांगला डिंक धावड्याचा. चंदनही या कोरड्या पट्ट्यात आपोआप उगवतं, पण ते एकटं नीट वाढत नाही. त्याच्या मुळ्या शेजारच्या झाडाच्या मुळ्यांना चिकटून पाणी आणि क्षार ओढून घेतात. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत तुरीसारखं एखादं रोप सोबतीला लावतात. रानात चंदन दिसलंच तर त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. फांदी मोडून वास बघू नका, गाभ्याशिवाय वास येतच नाही.

आता हरणं. सांबर, चितळ आणि काळवीट. काळवीट शास्त्राप्रमाणे हरीण नव्हे, कुरंग. त्याची पिळदार शिंगं आयुष्यभर टिकतात. सांबर आणि चितळ यांची फाट्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. नव्या शिंगांवर मखमली कातडं असतं आणि ते वाळलं की नर झाडाच्या खोडावर घासून काढतो. कंबर-छातीच्या उंचीवर साल सोलवटलेलं खोड दिसलं तर ते बहुधा सांबराचं काम. गळालेलं शिंग सापडलं तर जागेवरच ठेवायचं. ते घरी नेणं हा गुन्हा आहे. लेंड्यांकडेही बघा, नाक मुरडू नका. बाभळीच्या शेंगा हरणं आवडीनं खातात, कडक बिया पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि मऊ झालेल्या कवचामुळं लवकर रुजतात. जुन्या लेंड्यांच्या ढिगाशेजारी बोटभर रोप दिसलं, तर आता लागवड कोण करतंय ते कळलं.

प्राणी दिसण्याची वेळ म्हणजे उजाडतानाचे दोन तास आणि मावळतीआधीचा एक. फाटक उघडायच्या वेळेला दारात हजर राहायचं. तीन-चार जणांपेक्षा मोठा घोळका नको. एप्रिल-मे महिन्यांत पानगळ झालेली असते, नजर लांबवर जाते आणि पाणवठ्यावर हमखास हालचाल असते, पण नऊनंतर मुरूम तापतो आणि चालणं जिवावर येतं. जुलैअखेर ते सप्टेंबर रान देखणं, हरणं मात्र गवतात बुडालेली. आमची शिफारस डिसेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरावर काळे जळालेले पट्टे दिसले तर वणवा समजून घाबरू नका. त्या जाळरेषा. गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवला की खरा वणवा तिथं येऊन अडतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचा त्रास म्हणजे कुसळ. गवत पिवळं पडलं की कुसळी गवताची काळसर टोकदार बी कपड्यात घुसते. बीच्या मागं पिळलेली लांब शेपटी असते. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो, आणि या फिरण्यानं बी स्क्रूसारखी आत जाते. हे सगळं जमिनीत रुजण्यासाठी आहे, पण घामानं ओला झालेला मोजाही तिला चालतो. म्हणून लोकरी किंवा विणीचे जाड मोजे घालून आलात की चालणं संपलंच म्हणा. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत घट्ट विणीच्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. घुसलेलं कुसळ मागच्या बाजूनं उपसू नका, तुटतं. मोजा उलटा करून टोकाकडून आतल्या अंगानं ओढा. पावसाळ्यात याच जागी गोचीड. चिकटलेला गोचीड पिरगाळू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. वर काही विकत मिळेल या भरवशावर जाऊ नका. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, कारण उतरताना सैल मुरमाचे खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात आणि घसरून पडायची वेळ चढताना नाही, उतरताना येते. दुर्बीण ८×४२ (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. अत्तर, डिओ फासून येऊ नका: आग्या मोहोळ असेल तिथं ते महागात पडतं. प्रवेश, गाडी आणि कॅमेरा यांचं शुल्क वेगवेगळं असतं, फाटकावरचा फलक वाचा आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

गाडीरस्ता वर जातो, त्यामुळं वयस्कर मंडळींना वरून दिसणारा देखावा चुकत नाही. किर्लोस्कर पॉइंटवरून कृष्णेचं खोरं उघडतं: खाली नदीचं वळण, दोन्ही काठांना ऊस, मध्ये द्राक्षबागांचे चौकोन, आणि हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर. डोंगराच्या कोरड्या रंगाला लागून एकदम गर्द हिरवं सुरू होतं. हरणांना ते दोन उड्यांवर दिसतं, म्हणून शेतकऱ्यांची पिकांची तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. एवढ्या लहान रानाला कुंपण असण्याचं कारण इथं उभं राहिलं की समजतं. मात्र फक्त गाडीतून वर जाऊन सेल्फी काढून उतरणार असाल तर पाचपैकी दोन गुण. पायी अडीच-तीन तास दिलेत तर चार. एक गुण कापला तो सुट्टीच्या दिवशीच्या गोंगाटासाठी आणि प्लास्टिकसाठी. भडंगाची रिकामी पुडी आपल्याला कचरा वाटते, हरणाला मिठाचा वास येतो. ते ती चाटता चाटता गिळतं, प्लास्टिक पोटात साठतं, रवंथ बंद पडतो. खाणं फाटकाबाहेर आटपा.

देवराष्ट्रे गावाच्या बाजूला सागरेश्वराचं मंदिर आणि भोवती लहान-मोठ्या शिवमंदिरांचा समूह आहे. तासभर राखून ठेवा, पण श्रावणी सोमवारी रानाचा बेत आखू नका, रस्ता माणसांनी भरलेला असतो. गावात यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर आहे, तेही बघून होतं.

गाडी नसेल तर पुणे-मिरज मार्गावरचं ताकारी स्टेशन जवळचं, पण तिथं थोड्याच गाड्या थांबतात. त्यापेक्षा किर्लोस्करवाडीला उतरणं सोयीचं पडतं. ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) किंवा कऱ्हाडहून एसटीनं ताकारीला येऊन पुढं रिक्षा ठरवा आणि परतीची वेळ त्याच रिक्षावाल्याशी आधीच पक्की करा, संध्याकाळी फाटकाशी वाहन मिळेलच असं नाही. आत धूर दिसला किंवा मोकाट कुत्री हरणामागं लागलेली दिसली तर स्वतः धावू नका. फाटकावर सांगा किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि सांगताना चराची, पाणवठ्याची किंवा पॉइंटची खूण द्या. "झाडाजवळ" म्हणून काही उपयोग नाही.