‘फ्रीजची गरज नाही’ म्हणून विकलेलं चिकन

माझा मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहतो. मेसमध्ये चिकन मिळत नाही, खोलीत फ्रीज नाही. म्हणून मे महिन्यात परभणीच्या एका दुकानातून शिजवलेल्या चिकनची चार पाकिटं घेतली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "ताई, सहा महिने बाहेर ठेवा, काही होत नाही. फोडल्यावर पण चार दिवस आरामात."

मुलानं रात्री एक पाकीट फोडलं, अर्धं खाल्लं, उरलेल्याला रबर लावून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगलं उकळून खाल्लं. वास नव्हता, चवही बिघडलेली नव्हती. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, रात्री मित्रांनी दवाखान्यात नेलं. मी पहाटेच्या एसटीनं पोचले तेव्हा लेकराला उठून बसता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते विष उकळूनही जात नाही.

खोलीतल्या तीन पाकिटांपैकी एक टम्म फुगलं होतं.

परत येऊन थेट दुकान गाठलं. मागच्या बाजूला हॉटेलवाल्यांचा मोठा डबा फोडलेला, शेजारी पिशव्या चिकटवायचं हातमशीन. म्हणजे फोडलेला माल साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर चिठ्ठी डकवून मला ‘पॅकबंद’ म्हणून विकला होता! असं चिकन टिकतं ते सीलबंद करून, साधारण १२१ अंशांवर दाबाखाली तापवल्यामुळे. एकदा सील तुटलं की ते घरच्या शिजवलेल्या चिकनसारखंच. पुन्हा पिशवी चिकटवली म्हणून जंतू मरत नाहीत. उलट, हवा नसलेल्या पिशवीत काही घातक जंतू जास्तच फोफावतात.

खऱ्या पाकिटाची पिशवी जाड, अनेक थरांची असते. त्यावर बॅच क्रमांक, तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक असतो. माझ्या पाकिटावर यातलं काहीच नव्हतं, आणि मी पाहिलंही नव्हतं.

चांगलं पाकीटसुद्धा फोडल्यावर बाहेर ठेवू नका. दोन तासांच्या आत, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तासाभरात, झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा. लाईट चार तासांहून जास्त गेली आणि फ्रीज गार राहिला नाही, तर टाकून द्या. फ्रीज नसेल तर एका जेवणात संपेल एवढंच पाकीट घ्या. मुलाला आता मी तेवढंच नेऊन देते. फुगलेलं पाकीट चाखूनही बघू नका.

पक्कं बिल मी घेतलं नव्हतं, पण मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद होती. ती, दवाखान्याचे कागद आणि ते फुगलेलं पाकीट न फोडता अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. त्या दुकानातून कुणी अशी पाकिटं घेतली असतील, तर आजच सगळी टाकून द्या.