रेडनर की वॉन विल्यम्स?

नाताळ जवळ आला की ठाण्यातल्या आमच्या गायनवृंदात हा प्रश्न निघतोच. अमेरिकन धर्मगुरू फिलिप्स ब्रूक्स यांच्या ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ या नाताळगीताला कोणती चाल घ्यायची?

एक चाल लुईस रेडनर यांची. फिलाडेल्फियातल्या ब्रूक्स यांच्याच चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत. 1868 च्या नाताळासाठी त्यांनी ती स्वतः रचली. दुसरी राल्फ वॉन विल्यम्स यांची, पण रचलेली नव्हे. 1903 मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात, फॉरेस्ट ग्रीन गावी, एका वृद्धाकडून ऐकलेलं लोकगीत त्यांनी टिपलं, त्याला स्वरमेळ दिला आणि 1906 च्या भजनसंग्रहात घातलं.

रेडनरमध्ये तीनदा ग, मग लगेच कोमल ग आणि परत शुद्ध. ही अर्ध्या स्वराची लकेर फार गोड, पण नवख्यांचा सूर नेमका तिथेच घसरतो. फॉरेस्ट ग्रीनची चाल सगळी शुद्ध स्वरांची. पहिल्या दोन ओळी तशाच पुन्हा येतात, शेवटी परत भेटतात. आमच्या आजीबाईंनाही ती दोन रविवारांत बसली, नुसत्या पेटीवर.

चार आवाजांचा कसलेला वृंद असेल तर रेडनर जरूर घ्या. सगळ्या मंडळीने गायचं असेल तर माझं मत वॉन विल्यम्सना.