बारा वर्षांच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: बदलल्यानंतरचे आठ महिने

आमचे घर रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि २०१३ साली घेतलेली आमची पेट्रोल गाडी सुरुवातीपासून याच खाऱ्या हवेत, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. गेल्या मार्चमध्ये तिचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि लिटरमागे पंधरा किलोमीटरचे ॲव्हरेज साडेअकरावर आले. सकाळी गाडी सुरू केल्यावर धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत असे. स्कॅनर लावल्यावर पी०१३५ हा कोड मिळाला. त्याचा अर्थ असा, की धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरमधील हीटरचे सर्किट बिघडले आहे.

हा सेन्सर धुरातील ऑक्सिजनची बाहेरच्या हवेशी तुलना करून इंजिनच्या संगणकाला विजेचा संदेश देतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर साधारण ०.९ व्होल्ट आणि कमी झाले तर ०.१ व्होल्ट, अशी त्याची ये-जा सतत चालू असते, आणि तिच्या आधारे एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण राखले जाते. मात्र सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. तो बंद पडला की गाडी बराच वेळ अंदाजाने पेट्रोल सोडत राहते. केवळ कोडवर विसंबून नवा सेन्सर मागवू नये, असे माझे मत आहे. आम्ही आधी फ्यूज पाहिला, मग मल्टिमीटरने हीटरच्या दोन पांढऱ्या तारांमधला रोध मोजला. तो काही ओहम यायला हवा होता, प्रत्यक्षात तार तुटल्यासारखे वाचन आले, आणि तेव्हाच सेन्सर गेल्याची खात्री झाली.

खरी कसोटी जुना सेन्सर काढण्याची होती. पोलादी आटे रोज लाल होण्याच्या जवळपास तापतात आणि थंड होतात, त्यांत समुद्राकडचे मीठ शिरते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने सेन्सर पाइपात पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. पहिल्या दिवशी आम्ही तारेसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट वापरला. त्या खाचेमुळेच जोर लावताच सॉकेटचे तोंड फाकले आणि सेन्सरचे कोपरे झिजू लागले. आमच्या मिस्त्रींनी तिथेच हात आखडता घेतला. ‘‘आता जोर केलात तर आटे हातात येतील. आज राहू दे,’’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे ऐकले हे फार बरे झाले.

त्यानंतर सलग तीन संध्याकाळी, पाइप पूर्ण थंड असताना, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारले. गरम सायलेन्सरवर ते मारल्यास पेट घेऊ शकते, हे कृपया कोणीही विसरू नये. चौथ्या दिवशी जुन्या सेन्सरची तार सरळ कापली, म्हणजे खाच नसलेला सहाकोनी रिंग पाना पूर्ण बसला. मग राहिलेले तेल पुसून मिस्त्रींनी गॅसच्या बत्तीने सेन्सर नव्हे, तर त्याच्याभोवतीची पाइपावरची जाड कडी तापवली, कारण बाहेरची कडी प्रसरण पावली तरच आतली पकड सुटते. पान्यावर लांब पाइप चढवून पाव फेरा उलटा, थोडा पुन्हा सुलटा, असे करत अर्ध्या तासाने सेन्सर बाहेर आला. पाइपातील आटे खरवडलेले होते, म्हणून १८ मिलिमीटर व्यासाच्या, आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेल्या टॅपला, म्हणजे आटे साफ करणाऱ्या हत्याराला, ग्रीस लावून तो हळूच फिरवला, जेणेकरून धातूचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर यावा.

नवा सेन्सर घेताना मी मुद्दाम कनेक्टरसह येणारा घेतला. तारा जोडून वापरायचा सेन्सर स्वस्त मिळत होता, परंतु पुष्कळ सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आतूनच पोहोचते, त्यामुळे तारांना डाग देणे (सोल्डरिंग करणे) किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे घातक ठरते; शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत असा जोड टिकेल, यावर माझा विश्वास नाही. आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून त्यांना कारखान्यातूनच राखाडी लेप लावलेला होता, तो तसाच ठेवला आणि टोकाला हात लागू दिला नाही. पिळाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने तो ४५ न्यूटन-मीटरवर घट्ट केला. सेन्सरला साडेतीन हजार रुपये पडले आणि मजुरीचे बाराशे झाले. तेवढ्या मेहनतीला ही मजुरी कमीच वाटते.

एप्रिलपासून गाडी सात हजार किलोमीटर चालली, त्यांत आंबा घाटातून कोल्हापूरला केलेल्या सहा फेऱ्या आल्या. ॲव्हरेज साडेचौदावर स्थिरावले, सकाळचा वास पहिल्याच आठवड्यात गेला आणि घाटात दुसऱ्या गिअरवर येणारा अडखळलेपणा संपला. जुलैच्या ऐन पावसात दिवा पुन्हा लागला तेव्हा मात्र माझा धीर सुटला होता. सेन्सर ठीक होता. कनेक्टर खाली लोंबकळत असल्याने चाकाने उडवलेले पाणी आत जाऊन एका पिनेवर हिरवट थर चढला होता. तो साफ केला, कनेक्टर कोरडा केला आणि तारेला वरच्या बाजूला क्लिपमध्ये अडकवले. मूळची क्लिप तुटल्याचे एप्रिलमध्येच लक्षात यायला हवे होते.

नोव्हेंबरमध्ये सायलेन्सरचा पुढचा जाळीदार जोड फाटला आणि वेल्डिंगपूर्वी सेन्सर काढणे भाग पडले. एक संपूर्ण पावसाळा अंगावर घेतलेला तो सेन्सर साध्या रिंग पान्याच्या एका झटक्यात सुटला आणि पुढचे आटे बोटांनी फिरले. लेप जागेवर होता, टोकावर फिकट तपकिरी रंग होता, काजळी नव्हती. कन्व्हर्टरच्या पलीकडचा दुसरा सेन्सर अजून मूळचाच आहे आणि व्यवस्थित चालतो आहे, म्हणून त्याला हात लावलेला नाही. मात्र त्याच्या तारेची क्लिप त्याच दिवशी नवीन बसवून घेतली.